मुळा-मुठेचा बोटभर मासा

पाच नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर पेशव्यांची फौज आणि कंपनी सरकारच्या पलटणी समोरासमोर आल्या. त्या एका दुपारच्या लढाईने दुसऱ्या बाजीरावाच्या राज्याचं काय होणार हे जवळपास ठरून गेलं. कंपनीच्या बाजूने लढलेल्या अधिकाऱ्यांत विल्यम हेन्री साइक्स नावाचा सत्तावीस वर्षांचा एक जण होता. सात वर्षांनी, ऑक्टोबर १८२४ मध्ये, मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्याच्यावर निराळीच कामगिरी सोपवली. जिंकलेल्या मुलखात नेमकं आहे तरी काय, हे मोजून सरकारला कळवायचं. पदाचं नाव होतं ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’. ज्या नदीच्या आसपास तो लढला होता, तिच्यातले मासे आता तो ओळीने मांडून मोजणार होता.

साइक्सच्या मोजदादीला हद्द नव्हती. पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टरेटांतली माणसं, पिकं, जमिनीचे धारे. मिरासदार कोण आणि उपरी कोण. हवेचा दाब सकाळी किती आणि दुपारी किती. सगळं त्याच्या वहीत उतरत होतं. दख्खनचे पक्षी आणि प्राणीही त्यातून सुटले नाहीत. जंगलात टोळीने शिकार करणाऱ्या कोळसुंद्याच्या दख्खनी रूपाचं शास्त्रीय वर्णनही त्याच्याच लेखणीतून उतरलं, १८३१ साली. सरकारने १८२९च्या डिसेंबरात हे पदच मोडीत काढलं, तरी गडी थांबला नाही. जानेवारी १८३१पर्यंत त्याने अहवाल पुरा केला आणि मगच विलायतेची वाट धरली.

माशांची पाळी सगळ्यात शेवटी आली. १८३८ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या माशांची यादी मांडली गेली. तिचा गोषवारा १८३९ साली छापला गेला आणि चित्रांसह पूर्ण लेख १८४१ साली आला. घोड, भीमा, इंद्रायणी आणि पुण्याची मुळा-मुठा या नद्यांतले हे मासे होते. यातले कितीतरी युरोपातल्या कुणाला ठाऊक नव्हते, पण काठावरच्या भोई-कोळ्यांच्या रोजच्या पाटीतले होते. साइक्सने त्यांना विचारलं, जसं ऐकू आलं तसं रोमन लिपीत लिहिलं आणि तेच शास्त्रीय नावाच्या शेपटाला जोडलं. शिंगटीची झाली ‘सींगटी’, खडशीची ‘खुड्री’, कोळशीची ‘कोलुस’, वाळूत लपणाऱ्या मुऱ्याची ‘मूरे’. काही मासे मात्र लंडनच्या स्नेह्यांच्या वाट्याला गेले: यारेल, व्हिगर्स, ऑगिल्बी, चिल्ड्रन. मासे धरणाऱ्यांपैकी एकाच्याही नावाने मासा नाही.

याच यादीत एक लहानसा बिनखवल्यांचा मासा आहे. साइक्सने त्याला ‘लोना’ म्हटलं आणि शिंगटीच्या गोतावळ्यात बसवलं. बाजारात त्याला भाव नव्हता, जाळ्यात तो सहसा येत नव्हता, आणि आलाच तर बारीक मासळीच्या ढिगात जात होता. आज तो ‘ग्लिप्टोथोरॅक्स’ या प्रजातीत मोडतो. तुर्कस्तानच्या डोंगरांपासून चीन आणि जावापर्यंतच्या नद्यांत या प्रजातीच्या शंभराहून अधिक जाती आहेत. सह्याद्रीतल्या बहुतेक जाती बोटाच्या लांबीच्या. पुण्याशी या प्रजातीचं नातं पुढे इतकं घट्ट झालं की एका जातीच्या नावातच हे शहर येऊन बसलं.

हा मासा पाहायचा तर वाहत्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात उतरून दगड उलटावे लागतात. वरून पाहिला तर मातकट, काळपट ठिपक्यांचा, दगडाच्याच रंगाचा. डोळे बारीक आणि डोक्याच्या वरच्या बाजूला. तोंड खाली, मिशांच्या चार जोड्या. खरी गंमत उताणा केल्यावर दिसते. पोट अगदी सपाट, आणि छातीच्या दोन परांच्या मधल्या जागेत कातडीला लुगड्याच्या निऱ्यांसारख्या बारीक उभ्या घड्या. सूक्ष्मदर्शकाखाली या घड्यांवर नखाच्या जातीच्या कठीण पदार्थाच्या बारीक आकड्या दिसतात. ओल्या खडकावर ही छाती टेकली की आकड्या खडबडीत पृष्ठभागात रुततात. आडवे पसरलेले पर पाण्याचा जोर अंगावरून वर सरकवतात, आणि एरवी वाहून नेणारा प्रवाहच माशाला दगडावर दाबून धरतो. तिथेच, दगडांच्या फटीत, पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या खात त्याचा संसार चालतो. या सगळ्याला तीन गोष्टी लागतात: वाहतं पाणी, गाळ न बसलेला दगड, आणि पाण्यात विरघळलेला भरपूर प्राणवायू.

साइक्सच्या आधी असाच उद्योग गंगेकाठी झाला होता. कंपनीचा डॉक्टर फ्रान्सिस ब्युकॅनन-हॅमिल्टन याला म्हैसूर आणि मग बंगालच्या पाहणीवर धाडलं होतं. तिथेही हेतू महसुलाचा, आणि तिथेही डॉक्टरने माशांची वेगळी वही ठेवली. १८२२ साली एडिंबरोत छापलेल्या त्याच्या ग्रंथात २६०हून अधिक जाती आहेत. त्यातल्या ‘तेलचिट्टा’ या बंगाली नावाच्या माशाला पुढे याच प्रजातीत जागा मिळाली. ही प्रजात स्वतंत्र आहे असं म्हणणारा माणूस आणखी तिसरीकडचा. एडवर्ड ब्लाइथ हा कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा सांभाळ करत असे. ब्रह्मदेशाच्या तेनासरीम भागातला तीन पट्ट्यांचा एक मासा पाहून त्याने १८६० साली ‘ग्लिप्टोथोरॅक्स’ हे घराणं उभं केलं.

इथून पुढच्या दीडशे वर्षांत या माशाकडे ज्यांनी ज्यांनी पाहिलं, ते प्रत्येक वेळी दुसऱ्याच कशाच्या तरी शोधात होते.

फ्रान्सिस डे अन्न शोधत होता. मद्रासच्या लष्करातला हा डॉक्टर १८७१ साली हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचा इन्स्पेक्टर जनरल झाला. दुष्काळ पाठीमागे लागलेल्या देशात नद्यांतून किती अन्न निघू शकेल हा सरकारपुढचा सवाल होता. डेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवली. तुमच्याकडे कोणते मासे, त्यांना काय म्हणतात, जाळ्याचं भोक केवढं, मासे पूर्वीपेक्षा कमी झालेत का? १८७३चा त्याचा अहवाल अशा उत्तरांनी भरलेला आहे. दक्षिणेत त्याने आणखी एक गोष्ट पाहिली होती: कालव्यांसाठी नदीवर आडवे घातलेले बंधारे माशांची वरखाली ये-जा तोडतात. १८७५ ते १८७८ या काळात आलेला त्याचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा ग्रंथ आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. साइक्सचा लोना त्यात आहे, पण डेची कळकळ मोठ्या माशांच्या पिल्लांसाठी होती. बारीक भोकाच्या जाळ्यात सापडलेला प्रत्येक इवला जीव म्हणजे उद्याचा मोठा मासा वाया गेला, असा हिशेब. पूर्ण वाढूनही बोटाएवढाच राहणारा मासा या हिशेबात बसत नव्हता.

डेच्या पाठपुराव्यातून सुरू झालेली चर्चा १८९७च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापाशी येऊन थांबली. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणं या कायद्याने गुन्हा ठरलं. सह्याद्रीत हा कायदा थेट रानातल्या रिवाजाला जाऊन भिडत होता. उन्हाळ्यात ओढ्याच्या कोंडी आटत आल्या की रामेठ्याची साल नाहीतर गेळ्याची फळं ठेचून पाण्यात कालवायची. मासे गुंगून वर आले की वेचायचे. मोठ्या नदीत हा उद्योग चालत नसे, लहान डोहात चाले. पावसाळ्याची तऱ्हा वेगळी. मृगाच्या सरींनी ओढे लाल पाण्याने फुगले की अंडी घालायला वर निघालेले चढणीचे मासे शेताच्या बांधापर्यंत येत. फेकजाळी, बांबूच्या कामट्यांचे सापळे, कंदील, सगळं घेऊन वाड्या-वस्त्या रात्रभर पाण्यात उभ्या असत. चढणीच्या मोसमात ताटात पडत ते खडशी-मळ्यांसारखे पोहणारे मासे; दगडाला छाती लावून बसलेला हा बोटभर जीव उन्हाळ्याच्या विषातच जास्त सापडे.

विसाव्या शतकात प्रश्न बदलला. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १९१६ साली झाली आणि नेल्सन अ‍ॅनंडेल तिचा पहिला संचालक झाला. मोठ्या नद्यांपेक्षा त्याला डोंगरातले ओहोळ खुणावत. मुंबई इलाख्यातल्या लहान ओढ्यांच्या जीवसृष्टीवर त्याने १९१९ साली टिपण लिहिलं. त्याच वर्षी लाहोरला त्याची गाठ सुंदरलाल होरा या तरुण पंजाबी विद्यार्थ्याशी पडली आणि होरा कलकत्त्याला आले. पुढची पस्तीस वर्षं हिंदुस्थानातल्या गोड्या पाण्याच्या माशांचा विषय होरांच्या नावाभोवती फिरत राहिला.

होरांचा प्रश्न शरीराचा होता. धबधब्यासारख्या पाण्यात राहायचं तर माशाच्या अंगाला काय काय करावं लागतं? १९२२ साली डोंगरी प्रवाहांतल्या माशांच्या शरीररचनेवर त्यांनी मोठा निबंध लिहिला. पोट सपाट का होतं, डोळे वर का सरकतात, पर आडवे का पसरतात, हे त्यांनी एकेका माशाच्या उदाहरणाने मांडलं. ग्लिप्टोथोरॅक्सची घड्यांची छाती त्यात असणं ओघानंच आलं. दुसऱ्याच वर्षी त्यांनी दक्षिणेतल्या भवानी नदीतल्या एका जातीला आपल्या गुरूचं, अ‍ॅनंडेलचं नाव दिलं.

आणि १९३८ साली इंडियन म्युझियमच्या ‘रेकॉर्ड्स’मध्ये होरांनी महाराष्ट्रातल्या दोन जातींची वर्णनं छापली. एक सातारा भागातल्या वेण्णा नदीतली. तिला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या मत्स्यतज्ज्ञ एथेलविन ट्रेवाव्हास यांचं नाव मिळालं. दुसरी पुण्याची, म्हणून ‘पूनाएन्सिस’. साइक्सने जिथे मासे मोजले तिथेच, शंभरावर वर्षांनी, एक जात अजून नोंदीवाचून राहिलेली निघाली. पहिल्या मोजणीच्या वेळी ती साइक्सच्या पाटीत कधी आली होती का, याचा उलगडा त्याच्या लेखातून होत नाही.

पण होरांना पुण्याच्या माशाकडून आणखी मोठं काम करून घ्यायचं होतं. त्यांच्यापुढचं कोडं असं. दगडाला चिकटणारे आणि डोंगरी प्रवाहाबाहेर न जगणारे कितीतरी मासे आसाम-ब्रह्मदेश-मलायात आहेत आणि त्यांचेच भाऊबंद थेट सह्याद्रीत, विशेषतः केरळात आहेत. मधल्या शेकडो कोसांत काही नाही. मैदानातल्या संथ, गढूळ पाण्यातून हे मासे पोहत येणं शक्य नाही. मग आले कुठून? होरांनी नकाशावर बोट ठेवलं ते सातपुड्यावर. एके काळी आजच्या मेघालयातल्या गारो टेकड्यांपासून राजमहाल, विंध्य-सातपुडा आणि पुढे सह्याद्री अशी डोंगरांची सलग वाट असावी. हवा जास्त ओली असावी. आणि डोंगरावरून डोंगरावर, ओढ्यातून ओढ्यात हे मासे पिढ्यान्‌पिढ्या सरकत आले असावेत. राजमहाल आणि गारो यांच्यामध्ये आज गंगा-ब्रह्मपुत्रेचं सखल मैदान आहे. ती दरी नंतरची, असं हे म्हणणं होतं. ‘सातपुडा सिद्धान्त’ म्हणून ते गाजलं. १९४९ साली त्यावर खास परिसंवाद झाला, त्यात प्राणिशास्त्रज्ञांसोबत वनस्पतिशास्त्रज्ञ आणि भूशास्त्रज्ञही बसले.

पुढे जनुकांचा अभ्यास आला तेव्हा हा सिद्धान्त सर्वांना सारखा लागू पडत नाही असं दिसू लागलं. वेगवेगळ्या प्राण्यांची कुळं वेगवेगळ्या काळी फुटली आहेत. काही ठिकाणी दोन दूरच्या जागी दिसणारं साम्य हे रक्ताच्या नात्याचं नसून सारख्या प्रवाहात राहून आलेलं आहे. तरीही भारतीय उपखंडाच्या जीवभूगोलाचा अभ्यासक्रम होरांच्या पानावरून आजही सुरू होतो, आणि त्या पानावर बोटभर माशांची रांग असते.

होरांच्या कामाचा आणखी एक पदर मराठी वाचकाला जवळचा वाटावा. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. मराठीचे जुने नमुने शोधणारे अभ्यासक त्याच्याकडे नेहमी वळतात. त्यात ‘मत्स्यविनोद’ म्हणजे गळाने मासे धरण्याच्या छंदावर एक प्रकरण आहे: खवल्यांचे मासे, बिनखवल्यांचे मासे, त्यांचा आकार, कोणाला कोणतं आमिष. सर्व्हेचे संचालक असताना होरांनी हे प्रकरण हाती घेतलं आणि १९५१ साली त्यावर लेख लिहिला. दख्खनच्या माशांची साइक्सच्या सातशे वर्षं आधीची यादी त्यांनी शास्त्रज्ञांपुढे ठेवली.

दरम्यान, दुसऱ्या महायुद्धाने सर्व्हेचा बाडबिस्तरा हलवला होता. कलकत्त्यावर जपानी बॉम्ब पडतील या धास्तीने १९४२ साली सगळं दप्तर आणि नमुने वाराणसीला नेले गेले. तिथे १९४३ साली वरुणा नदीला पूर आला आणि संग्रहाची मोठी हानी झाली. नदीकाठी गोळा करून, स्पिरिटच्या बरण्यांत बंद करून, चिठ्ठ्या लावून जपलेले कितीतरी जीव एका नदीच्या पाण्यानेच नासले.

पुण्यात याच सुमारास नोंदीचं काम वेगळ्या हातांत आलं. देवळाली आणि पुणे या दोन्ही छावण्यांच्या गावांतले मासे ए. जी. एल. फ्रेझर यांनी बारकाईने गोळा केले. ‘फिश ऑफ पूना’ या मथळ्याखाली १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात फ्रेझर यांचे लेख आले, आणि त्याच मथळ्याचा होरा आणि मिश्रा यांचाही. दोन वर्षांनी सूटर यांनी त्यात नवी भर घातली. शहरातून वाहणाऱ्या नदीची माशांनिशी अशी ओळीने हजेरी देशात फार थोड्या ठिकाणी झाली आहे.

ही हजेरी घेतली जात असताना नदी मात्र आधीसारखी उरली नव्हती. मुठेवर खडकवासल्याचं धरण १८७९च्या सुमारास पुरं झालं. कॅप्टन फाइफने बांधलेला तो तलाव पुण्याला आणि कालव्याखालच्या शेतीला पाणी देऊ लागला. मुळेच्या वरच्या अंगाला टाटा कंपनीने मुळशीचं धरण घातलं. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात मावळ्यांनी सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह केला. धरण झालंच. त्याचं पाणी आजही घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि पूर्वेकडे जाण्याऐवजी कोकणात वाहून जातं. मुळशीच्या लढ्याच्या इतिहासात बुडालेल्या गावांची आणि शेतांची यादी आहे, आणि ती असायलाच हवी. धरणाच्या भिंतीमागे उथळ, खळाळत्या नदीचे कोसच्या कोस उभ्या पाण्याखाली गेले, ही त्या इतिहासाची दुसरी बाजू. उभ्या पाण्यात गाळ खाली बसतो, दगडांच्या फटी बुजतात, अळ्या मरतात. छातीला घड्या असलेल्या माशाला तिथे धरायला काही उरत नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासलाही गेलं, आणि पुण्याने नदीचं जे रूप पाहिलं ते अजून त्या पिढीच्या बोलण्यातून जात नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६३ साली, पुण्याच्या गोड्या पाण्यातल्या जीवसृष्टीवर जी. टी. तोनापी आणि लीला मुल्हेरकर यांचं टिपण प्रसिद्ध झालं. त्याचा पहिला भाग माशांवर होता. परदेशी अधिकारी आणि कलकत्त्याचे शास्त्रज्ञ यांच्यानंतर पुण्याच्या नदीची हजेरी आता पुण्यातलेच प्राध्यापक घेऊ लागले.

शहर पुढे ज्या वेगाने वाढलं त्या वेगाने सांडपाण्याची व्यवस्था वाढली नाही, आणि मुळा-मुठेचं काय झालं हे पुणेकराला सांगायला नको. पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावायची सवय एका पिढीत मुरली. पाण्यात आता दुसरे पाहुणे होते. १९५२ साली देशात आणलेला आफ्रिकेतला तिलापिया, म्हणजे आपला चिलापी, घाण पाण्यालाही दाद देत नाही. डास खाण्यासाठी सोडलेले गप्पी आणि गंबुसिया हेही तसेच चिवट. २००३ साली पुण्यातल्या अभ्यासकांचे दोन लेख आले: मुळा-मुठेच्या माशांवर एक, आणि जिल्ह्यातल्या उत्तर सह्याद्रीत माशांचं चित्र दीर्घ काळात कसं बदललं यावर दुसरा. त्यांच्या हाती एक दुर्मीळ साधन होतं. बहुतेक नद्यांबाबत ‘पूर्वी मासे खूप होते’ एवढंच बोललं जातं. इथे साइक्सपासूनची यादी होती, फ्रेझरची होती, १९६३ची होती. कोणती जात कोणत्या साली होती आणि आता मिळत नाही, हे नावानिशी सांगता येत होतं.

२०११ साली जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत पुण्याचा ‘पूनाएन्सिस’ संकटग्रस्त म्हणून लागला. त्याच्या वाट्याला प्रथमच कुणी त्याच्यासाठी म्हणून आलं होतं, आणि आलं होतं ते तो किती उरलाय हे पाहायला. साइक्सचा लोना त्या मानाने बरा आहे. त्याचा पसारा मोठा आहे. सह्याद्रीच्या दक्षिण भागात अजून नव्या जातीही सापडतात. केरळातून २०१० साली ग्लिप्टोथोरॅक्सची ‘मलबारेन्सिस’ ही जात नोंदली गेली. कर्नाटकातून २०१३ साली ‘स्यूडोलॅगूव्हिया’ या आणखी इवल्या प्रजातीतली एक जात आली; गारगोट्यांच्या थरात राहणारा हा मासा पूर्ण वाढूनही नखाहून फारसा मोठा होत नाही.

पुण्याच्या बाबतीत मात्र अभ्यासकांची एक अडचण कायम आहे. नव्या जातीचं वर्णन ज्या माशावरून केलं जातं तो नमुना संग्रहालयात जपून ठेवायचा असतो. पुढे वाद झाला तर निकाल त्याच्यावरून लागतो. साइक्सच्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज कुठेच सापडत नाहीत. उरलंय ते वर्णन, काही चित्रं आणि रोमन लिपीत उतरलेली मराठी नावं. त्यामुळे साइक्सचा ‘मसुल्ला’ नेमका कोणता, यावर पिढ्या भांडल्या. होरांसह अनेकांनी तो महसीर म्हणजे खडशीचाच भाऊ मानला. अलीकडच्या अभ्यासाने त्याला निराळ्या प्रजातीत नेऊन बसवलं. बोटभर माशांचं तर याहून अवघड. दोन जातींतला फरक छातीवरच्या घड्यांच्या आकारात किंवा काट्याच्या लांबीत असतो, तो जुन्या चित्रात दिसत नाही.

असा गुंता झाला तर नवा प्रमाण नमुना नेमण्याची सोय प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. त्यासाठी अट अशी की तो मूळ जागेवरून, निदान तिच्या शक्य तितक्या जवळून घेतलेला असावा. साइक्सच्या कितीतरी माशांची मूळ जागा लेखात लिहिलेली आहे: पुण्याची मुळा-मुठा. स्वच्छ दगड आणि वाहतं पाणी लागणाऱ्या जातींसाठी हे ‘शक्य तितकं जवळ’ आज संगमापासून निघून, धरणं ओलांडून, मुळशी-मावळातल्या वरच्या ओढ्यांपर्यंत जाऊन पोचलं आहे.